बर्लिनमधलं प्रयोगशील संगीत: कुठे, कसं आणि किती युरोत ऐकायचं

शिकायला किंवा नोकरीला बर्लिनला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, फिलहार्मोनी या शास्त्रीय संगीताच्या मोठ्या सभागृहाला जाऊन ये. दोन, टेक्नो क्लबबाहेरच्या रांगेत एकदा तरी उभा राहा. दोन्ही सल्ले चांगले आहेत. पण या शहराचं खरं वैभव त्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. इथे आठवड्यातल्या बहुतेक रात्री एखाद्या तळघरात, मागच्या अंगणातल्या खोलीत नाहीतर जुन्या दाहगृहात असं काही वाजत असतं, ज्याला गाणं म्हणता येत नाही आणि ज्यात टाळी-खालीही सापडत नाही. खोलीत चाळीस माणसं, दारात दहा-बारा युरो आणि तीन हातांच्या अंतरावर वाजवणारा. त्या वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांना ऐकायला दुसऱ्या देशांतून लोक येतात.

अडचण एवढीच की हे जग नवख्याला दिसत नाही. रस्त्यावर मोठे फलक नसतात, दाराला कधीकधी पाटीही नसते, आणि कार्यक्रमाच्या एका ओळीत सहा अनोळखी नावं असतात. हा लेख त्या दारापर्यंत पोचवण्यासाठी, आणि आत गेल्यावर गोंधळ होऊ नये म्हणून.

शहरात काय काय वाजतं

सगळ्याला सरसकट ‘एक्सपरिमेंटल’ म्हणून मोकळं झालं तर निवड करता येत नाही. बर्लिनमध्ये निदान चार वेगळ्या वाटा आहेत.

पहिली, उत्स्फूर्त वादन. तिची मुळं १९६८-६९ पर्यंत जातात. १९६८ मध्ये अधिकृत जाझ महोत्सवाला पर्याय म्हणून ‘टोटल म्युझिक मीटिंग’ सुरू झाली आणि १९६९ मध्ये एफएमपी (फ्री म्युझिक प्रॉडक्शन) ही वादकांची स्वतःची संस्था उभी राहिली. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनच्या रिकाम्या घरांमधून नव्वदच्या दशकात दुसरी पिढी आली, आणि तिच्या संगीताला ‘एख्टत्साइटमुझीक’, म्हणजे त्या क्षणीच घडणारं संगीत, हे नाव पडलं. त्यातला एक पंथ अतिशय हळू आवाजाचा. आक्सेल डोर्नर ट्रम्पेटमधून स्वर न काढता नुसती हवा सोडतात आणि त्या हवेचे शंभर रंग दाखवतात. आंद्रेआ नॉयमान यांच्यासमोर तर पियानोची पेटीच नसते. तारा, ध्वनिफलक आणि धातूची चौकट एवढा आतला सांगाडा आडवा ठेवलेला असतो, शेजारी एक छोटा मिक्सर. तारा छेडून, घासून, चिमटे लावून त्या वाजवतात, आणि मिक्सरमधून येणारी सूक्ष्म गुणगुण त्यात मिसळते. हे लांबून बघून कळत नाही. अशा वेळी पहिल्या रांगेत बसावं.

दुसरी वाट लिहिलेल्या नव्या संगीताची. स्वरलिपी समोर, वादक प्रशिक्षित, पण रचना आज लिहिलेल्या. तिसरी इलेक्ट्रॉनिक आणि नॉइझची, म्हणजे गोंगाटातूनच घडवलेल्या संगीताची: इथे आवाज मोठा, खोली अंधारी, आणि क्लबच्या जगाशी नातं जवळचं. चौथी ध्वनिशिल्पांची. गॅलरीत ठेवलेला आवाज, ज्याच्याभोवती तुम्ही फिरता आणि हवं तेव्हा निघता.

या चारांच्या आडवी जाणारी एक पाचवी पायवाट मराठी कानांसाठी मुद्दाम सांगायला हवी: शुद्ध श्रुतींच्या मेळाचं संगीत. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या लहान मुलालाही दाखवतात. तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). बर्लिनमधले काही संगीतकार आणि वादक नेमक्या याच फरकावर काम करतात. ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवणारे रॉबिन हेवर्ड त्यांतले एक. संगीतकार कॅथरीन लॅम यांनी २००३ मध्ये संगीत महाविद्यालय सोडून हिंदुस्थानी संगीत समजून घ्यायला पुणं गाठलं, आणि पुढे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्या परंपरेतले चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांच्याकडे त्या शिकल्या. आज त्या बर्लिनमध्ये असतात. त्यांची रचना ऐकताना ख्यालाचा कान असलेल्या माणसाला परकं वाटत नाही. उलट जर्मन शेजाऱ्याला जे चाचपडत ऐकावं लागतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

रविवारी अर्धा तास

कार्यक्रम शोधणं हे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी करायचं काम आहे. ऐन वेळी ‘आज कुठे जाऊ’ म्हणून फोन उघडला तर हाती क्लबच्या जाहिराती लागतात.

तीन ठिकाणं पुरतात. एख्टत्साइटमुझीक डॉट डीई ही साईट दिसायला साधी आहे. चित्रं नाहीत, फक्त तारीख, वेळ, जागा, नावं. उत्स्फूर्त वादनासाठी हिच्याइतकं नेमकं काही नाही. दुसरं, फील्ड नोट्स. नव्या संगीताच्या शहरव्यापी संघटनेचं हे नियतकालिक, आणि त्याच नावाच्या साईटवर त्यांची दिनदर्शिका असते. लिहिलेलं संगीत, ध्वनिशिल्पं, मोठ्या सभागृहांतले कार्यक्रम इथे सापडतात. छापील अंक कार्यक्रमांच्या ठिकाणी फुकट ठेवलेला दिसला तर उचला. मजकूर इंग्रजीतही असतो. तिसरं, डिजिटल इन बर्लिन, इलेक्ट्रॉनिक आणि सरमिसळ प्रकारांसाठी. हेच लोक ‘कीत्सझालोन’ नावाची मालिका करतात, आणि ती मुद्दाम नेहमीच्या सभागृहांबाहेरच्या जागांमध्ये होते.

तिन्ही उघडून पुढच्या दहा दिवसांतले चार कार्यक्रम फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. जायचे दोनच. उरलेले दोन राखीव, कारण थंडीत, पावसात किंवा ऑफिस उशिरा सुटल्यावर पहिला बेत बारगळतोच. आणि निघण्यापूर्वी जागेच्या स्वतःच्या साईटवर तारीख पुन्हा तपासा. छोट्या जागा स्वयंसेवक चालवतात. कलाकार आजारी पडला तर बदल तिथेच आधी दिसतो, दिनदर्शिकेत दोन दिवसांनी.

ओळ वाचायची कशी

जाहिरातीत दोन वेळा असतात. ‘आइनलास’ म्हणजे दार उघडण्याची, ‘बेगिन’ म्हणजे सुरुवातीची. आइनलास ८, बेगिन ८:३० असेल तर छोट्या जागी खरी सुरुवात ८:४० च्या आसपास धरा. पण नाट्यगृहात किंवा मोठ्या सभागृहात ८ म्हणजे ८. उशीर झाला तर पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं करतात आणि ते योग्यच आहे.

‘आबेंडकासे’ असं लिहिलं असेल तर तिकीट दारात मिळतं. ‘एरमेसिग्ट’ ही विद्यार्थी, बेरोजगार वगैरेंसाठीची सवलत. ओळखपत्र सोबत ठेवा. ‘श्पेंडे’ म्हणजे देणगी, आणि याचा अर्थ फुकट असा नाही. पुढे पैशांच्या भागात ते येईल.

नावांच्या पुढे बहुधा वाद्य लिहिलेलं असतं. ते काळजीपूर्वक वाचा, कारण आवाज किती असेल याचा अंदाज तिथूनच येतो. ‘व्हायोला, क्लॅरिनेट, तालवाद्य’ असेल तर बारीक आवाजाची तयारी. ‘इलेक्ट्रॉनिक्स, गिटार, ड्रम्स’ असेल तर कानात घालायचे बोळे खिशात. ‘ऑब्जेक्ट्स’ असं दिसलं की टेबलावर वाट्या, मोटारी, स्प्रिंगा, स्पीकरचे कोन असलं काहीतरी असणार. तिथे बघण्यासारखंही खूप असतं. तीन नावं स्वल्पविरामाने जोडलेली असतील तर ते एकत्र वाजवणार. वेगवेगळ्या ओळींत असतील तर वेगवेगळे हिस्से, साधारण २५ ते ४० मिनिटांचा एकेक, मधे पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी. साडेआठला सुरू झालेली संध्याकाळ त्यामुळे अकराच्या आत संपते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असणाऱ्यालाही परवडते.

नावांची वही

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नवखा माणूस जागांची यादी करतो किंवा प्रकार शोधतो. दोन्ही दगा देतात. जागा भाडेवाढीने बंद होतात, स्थलांतर करतात. प्रकारांची लेबलं तर दिनदर्शिका भरणाऱ्याच्या मर्जीवर. टिकून राहतात ती माणसं. बर्लिनमध्ये एकच वादक सोमवारी दोघांत, गुरुवारी पंचवीस जणांच्या वाद्यवृंदात आणि पुढच्या आठवड्यात एकटा वाजवतो. म्हणून माग ठेवायचा तो नावांचा.

पद्धत अशी. कार्यक्रमाहून परतताना ट्रेनमध्ये फोनवर किंवा वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: कोण, काय वाजवलं, आणि एक आठवणारा आवाज. ‘छान होतं’ असलं काही लिहू नका. महिन्याने त्यातून काहीच कळत नाही. ‘माग्दा मायास, पियानो, तारांवर काहीतरी थरथरत होतं’ एवढं पुरे. मग ज्याच्या नावाशी एक आवाज चिकटून राहिला, त्याचं नाव पुढच्या रविवारी दिनदर्शिकेत शोधा. तो कोणाबरोबर वाजवतो ते बघा. त्या दुसऱ्याचं नाव वहीत घाला. चार-पाच कार्यक्रमांत नावं परत परत दिसायला लागतात आणि ती सहा अनोळखी नावांची ओळ आपोआप वाचता येते.

सुरुवातीला धरून ठेवायला हाताशी नाव हवं असेल तर श्प्लिटर ऑर्केस्टर शोधा. २०१० पासूनचा हा संच आहे, सुमारे वीस-पंचवीस वादकांचा, संचालकाशिवाय चालणारा. बुर्कहार्ड बाइन्स यांच्यासारखे तालवादक, आंद्रेआ नॉयमान, आक्सेल डोर्नर असे अनेकजण त्यात आहेत. एका संध्याकाळी वीस नावं मिळतात. त्यातली दोन तरी कानात राहतातच.

पहिल्या चार संध्याकाळी

क्रमाला महत्त्व आहे. बरेचजण पहिल्याच रात्री अतिशय कठीण किंवा अतिशय मोठ्या आवाजाच्या खोलीत शिरतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. सोप्याकडून अवघडाकडे नव्हे, तर ठरलेल्या चौकटीकडून मोकळ्या खोलीकडे जावं.

पहिली संध्याकाळ मंगळवारची. मेरिंगडाम ३४ इथल्या बीकेए थिएटरात ‘उनएर्ह्योर्टे मुझीक’ ही मालिका १९८९ पासून मंगळवारी होते. नव्या संगीतासाठी दर आठवड्याला होणारी जर्मनीतली ही पहिली मालिका. यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, यू ६ आणि यू ७ दोन्ही गाड्या मेरिंगडामला थांबतात. खुर्च्या, मंच, छापलेली कार्यक्रमपत्रिका, सगळं ओळखीचं. त्यामुळे लक्ष फक्त संगीताकडे जातं.

दुसरी संध्याकाळ आउसलांडची. प्रेन्त्सलाउअर बेर्गमधल्या ल्युखनर श्ट्रासे ६० या इमारतीचं तळघर. २००२ पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं. श्योनहाउझर आले स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं. इथे मंच आणि प्रेक्षक यांच्यात फारसं अंतर नाही. वादकाचा श्वास ऐकू येतो.

तिसरी, केएम २८. नाव हाच पत्ता: कार्ल मार्क्स श्ट्रासे २८, हेरमानप्लात्सवरून पायी. वर म्हटलेल्या शुद्ध श्रुतींच्या मंडळींचं हे घर. हार्मोनिक स्पेस ऑर्केस्ट्रा इथला. खोली छोटी आहे, म्हणून जागा आधी राखून ठेवता येत असेल तर ठेवा. जाण्याआधी जवळच्या झोनेनआलेवर फलाफल खाऊन घ्या. शाकाहारी माणसाची तिथे चंगळ आहे, आणि या बहुतेक ठिकाणी आत खायला काही मिळत नाही.

चौथीला दोन पर्याय. क्योपेनिकर श्ट्रासे १४७ च्या मागच्या अंगणातलं मॉर्फीन राउम हे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आणि मैफलीची जागा दोन्ही आहे. त्यामुळे आवाजाची गुणवत्ता अफाट, आणि तिथे खोकलासुद्धा मुद्रित होऊ शकतो. दुसरा पर्याय म्हणजे श्लेझिशेस टोरजवळचा मादाम क्लोद हा बार, जिथे टेबल-खुर्च्या छताला उलट्या लटकवलेल्या आहेत. तिथली ‘एक्सपेरिमोंटाग’ ही सोमवारची मालिका सगळ्यात मोकळी. येणाऱ्यांचा दर्जा वरखाली असतो, पण एकटं गेलेल्या माणसाला बोलायला सोबत मिळते.

महोत्सवांपासून सुरुवात करू नका. सीटीएम जानेवारीच्या अखेरीस, मेर्त्समुझीक मार्चमध्ये, जाझफेस्ट नोव्हेंबरात. तिन्ही उत्तम आहेत, पण थोड्याच दिवसांत पन्नास नावं अंगावर येतात आणि एकही लक्षात राहत नाही. वहीत पंधरा नावं जमली की मग महोत्सवाची पत्रिका उघडा. तेव्हा कुठली तीन तिकिटं घ्यायची हे दोन मिनिटांत कळतं.

दार सापडणं

पत्त्यावर पोचलात आणि समोर राहती इमारत दिसली, तर चुकलेलं नाही. बर्लिनच्या जुन्या इमारतींना मागे एकामागोमाग अंगणं असतात, त्यांना ‘हिंटरहोफ’ म्हणतात. मुख्य दरवाजा ढकलून बघा. अनेकदा तो नुसता टेकवलेला असतो. बंद असेल तर घंटांच्या पाटीवर जागेचं नाव शोधा. सापडलं नाही तर दोन मिनिटं थांबा, सायकल लावणारा कोणीतरी येतोच आणि तोही तिकडेच निघालेला असतो. पहिल्यांदा जाताना वीस मिनिटं राखून ठेवा.

निघताना उलट काळजी. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, आणि अंगणात बोललेलं चार मजल्यांवर ऐकू जातं. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी छोट्या जागांचं जगणं मुश्कील होतं. गप्पा रस्त्यावर येऊन मारा.

परतीची गाडी: शुक्रवार-शनिवारच्या रात्री यू-बान रात्रभर धावते. इतर दिवशी साधारण एकनंतर बंद होते, आणि मग एन अक्षराच्या रात्रीच्या बसगाड्या जवळपास त्याच मार्गांवर असतात. अकराला सुटलात तर हा प्रश्न उद्भवतही नाही.

पैसे

रोख रक्कम न्या. कार्ड चालेल असं गृहीत धरून गेलेला माणूस पाऊण किलोमीटरवरचं एटीएम शोधत फिरतो आणि पहिला हिस्सा चुकतो. दहाच्या दोन आणि पाचच्या दोन नोटा ठेवा. पन्नासची नोट दारातल्या डब्याला झेपत नाही.

देणगीच्या ठिकाणी किती टाकायचं? बहुतेकदा सुचवलेली रक्कम लिहिलेली असते, साधारण ८ ते १५ युरो. विद्यार्थ्याने खालची द्यावी, पगारदाराने वरची. काहीच लिहिलेलं नसेल तर दहा. ती रक्कम बहुधा वादकांमध्येच वाटली जाते, आणि तिघांत वाटल्यावर काय उरतं याचा हिशेब कोणालाही करता येईल. बर्लिन सरकारने २०२५ च्या अंदाजपत्रकात संस्कृतीवरचा खर्च सुमारे १३ कोटी युरोंनी कापला. त्याची झळ आधी याच जागांना बसते, म्हणून डब्यात दोन युरोचं नाणं टाकून पुढे सरकू नये.

महिन्याला चार संध्याकाळी, प्रत्येकी बारा युरो आणि एक पेय, असा हिशेब साठ-पासष्टच्या घरात जातो. तेही जड जात असेल तर हान्स आइस्लर संगीत महाविद्यालय आणि कला विद्यापीठ यांतल्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बघा. कितीतरी फुकट असतात, आणि नव्या संगीताच्या वर्गाचे तर चुकवू नयेत असे. तांत्रिक विद्यापीठाच्या एच १०४ या व्याख्यानगृहात भिंतींभोवती २७०० हून अधिक छोटे स्पीकर बसवलेले आहेत, ८३२ स्वतंत्र वाहिन्यांवर. आवाज खोलीत एखाद्या जागी उभा आहे असा भास ही यंत्रणा निर्माण करते. तिथे सार्वजनिक कार्यक्रम जाहीर झाला की जा.

आत

हिवाळी जाकीट काढून मांडीवर घेऊ नका. नायलॉनची सळसळ हा या खोल्यांतला पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे. कोट बाहेर टांगा किंवा खुर्चीखाली ठेवा, पिशवीची चेन सुरुवातीलाच हवी तेवढी उघडून ठेवा. फोन थरथरण्यावरही नको, विमान मोडवर; लाकडी जमिनीवर ठेवलेल्या पिशवीतला फोन थरथरला की तो सगळ्या खोलीला ऐकू येतो. बियरची रिकामी बाटली पायाशी ठेवायची तर खुर्चीच्या पायाच्या आतल्या बाजूला. आडवी होऊन घरंगळणारी बाटली इथल्या प्रत्येक नियमित श्रोत्याने ऐकली आहे.

दाद. आपल्याला ‘वाह’ म्हणायची, मान डोलवायची सवय. इथे वादन चालू असताना शब्द नाही, आवाज नाही. मान हलवलीत तर चालतं. शेवट ओळखणं अवघड जातं, कारण शांतता हा वादनाचाच भाग असतो. नियम सोपा आहे: वादकाचे हात खाली आले आणि नजर वर झाली की संपलं. तोवर थांबा. टाळी वाजवण्यात पहिलं असायची काही गरज नाही.

सहन होत नसेल तर निघून जाण्यात अपमान नाही. दोन हिस्स्यांच्या मधे उठा. मधेच उठणं भाग पडलं, चक्कर आली किंवा कान दुखले, तर सरळ उठून जा. त्यासाठीच पहिल्यांदा जाताना कडेची खुर्ची धरावी.

मोठा आवाज

नॉइझच्या संध्याकाळी कानांची काळजी ही चैन नाही. जर्मनीत कार्यक्रमांसाठीच्या मानकानुसार श्रोत्यांच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये. ती मर्यादासुद्धा उंचच आहे: ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात.

औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे दोन-तीन युरोत येतात. ते बोटांत वळून अगदी बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. लोक ही धरण्याची पायरी गाळतात, बोळा अर्धा बाहेर राहतो आणि आवाज काहीच अडत नाही. फोमने वरचे स्वर जास्त कापले जातात, संगीत मातकट होतं. महिन्यातून दोनदा जाणार असाल तर गाळणी असलेले संगीताचे बोळे घ्या, पंधरा ते पंचवीस युरोत चांगले मिळतात. स्पीकरच्या समोर उभं राहू नका. ध्वनियंत्रणा सांभाळणारा जिथे बसतो त्याच्या आसपासची जागा आवाजाच्या समतोलासाठी सगळ्यात उत्तम असते.

काय ऐकायचं

सम शोधू नका. रागही शोधू नका. आपला तयार कान पहिली दहा मिनिटं ‘हे कुठे जाणार’ याची वाट बघत राहतो आणि ते कुठेच जात नाही म्हणून वैतागतो. त्याऐवजी आलापातला पहिला षड्ज ऐकताना जे करतो ते करा: एकाच आवाजाच्या आत जा. तो कशाने सुरू झाला, श्वासाने की घर्षणाने? मधे त्याचा पोत बदलला का? संपताना तुटला की विरला?

दोघे-तिघे वाजवत असतील तर एकाला धरून ठेवा आणि तो दुसऱ्याला काय उत्तर देतो याकडे लक्ष द्या. उत्तर न देणं, मुद्दाम गप्प बसणं हेही उत्तर असतं. चांगला वादक ओळखायची ही खूण आहे: तो किती वेळ न वाजवता बसू शकतो.

श्रुतींच्या मेळात दोन लांब स्वर अगदी जवळ आले की आवाजात ठोके पडायला लागतात. स्वर जुळत जातात तसे ठोके संथ होतात आणि पूर्ण जुळले की थांबतात. तंबोरा लावताना हेच ऐकतो. केएम २८ मध्ये अख्खा तास त्या ठोक्यांवर जाऊ शकतो, आणि ते थांबतात त्या क्षणी खोलीत जे पसरतं त्यासाठी जावं.

संपल्यावर पळू नका. वादक स्वतःच वायरी गुंडाळत असतात, आणि टेबलाशी जाऊन ‘हा आवाज कशातून काढलात?’ असं विचारलं तर अगदी मनापासून दाखवतात. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी पुढे नेतो. सीडी किंवा कॅसेट दहा युरोला असेल आणि वादन आवडलं असेल तर तिथेच घ्या.

पुढे

ऐकता ऐकता हात शिवशिवायला लागले तर त्सोसेनर श्ट्रासे २४ इथलं एक्सप्लोराटोरिउम गाठा. ग्नाइझेनाउश्ट्रासे स्टेशनपासून जवळ. २००४ पासून ही संस्था फक्त उत्स्फूर्त वादनासाठी काम करते, कार्यशाळा घेते, आणि तिथे सगळ्यांसाठी खुला मंचही असतो. तारखा आणि नियम त्यांच्या साईटवर आधी वाचा. तबला, हार्मोनियम, बासरी, नुसता गळा, काहीही चालतं. तबलजीने एक लक्षात ठेवावं: ठेका धरला की उरलेले तिघे त्या ठेक्यात अडकतात आणि मोकळं वादन संपतं. पहिल्यांदा डग्गा घासा, शाईवर बोट फिरवा, काठाचे आवाज काढा. हार्मोनियमवाल्याने सूर धरून भाता अगदी सावकाश चालवून बघावा. जिथे सूर नीट बोलत नाही, नुसती हवा येते, तिथे इथल्या लोकांचे कान टवकारतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दिनदर्शिका विरळ होते. बरेच वादक दौऱ्यावर, काही जागा बंद. जूनमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं की शहरात काही नाहीच. त्या दोन महिन्यांत ध्वनिशिल्पं बघावीत, वेडिंगमधल्या सायलेंट ग्रीनच्या आवारात जाऊन यावं. शहरातलं पहिलं दाहगृह ते, आता त्याच्या घुमटाखाली मैफली होतात. वहीतली नावं घेऊन ध्वनिमुद्रणं ऐकावीत. सप्टेंबरमध्ये फील्ड नोट्सवाल्यांचा नव्या संगीताचा महिना असतो, शहरभर पसरलेला. त्याची पत्रिका ऑगस्टमध्येच बघून ठेवा, कारण चाळीस खुर्च्यांच्या खोल्या आधी भरतात.